विजेची सायकल : दांडीची की बिनदांडीची?



ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना लागणीची तारीख, बेण्याची जात, हुमणीचा बंदोबस्त याविषयी बोलणे होतेच. अलीकडे त्यात एका नव्याच प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, ती विजेची सायकल घ्यावी काय?" विचारणारा पुरुष असला तर पुढचा प्रश्न असतो, "किती पळते?" बाईमाणूस असले तर प्रश्न वेगळा असतो. "मला चढता येईल का तिच्यावर?"

आमच्या मते दुसरा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे, आणि त्याचे उत्तर नीट द्यावे यासाठीच हा लेखप्रपंच.

आपल्या कार्यक्षेत्रात बागायतदाराच्या दारात आज एक मोटारसायकल असतेच. पण ती सकाळी घरच्या कर्त्याबरोबर बाहेर पडते ती सांजच्यालाच परत येते. मागे कोण राहते? मळ्यात न्याहारी घेऊन जाणारी मालकीण, डेअरीला दूध घालणारी सून, पाण्याची पाळी धरायला निघालेले आबा. ही मंडळी पायीच. मळा दोन-तीन किलोमीटर लांब, डेअरी दुसऱ्या टोकाला, दवाखाना पलीकडच्या गावात. दिवसाचे दीड-दोन तास नुसते चालण्यात जातात आणि ते कोणी मजुरीत धरत नाही. विजेच्या सायकलीचा विचार करावयाचा तो या माणसांसाठी.

मोटार केवढी, कायदा काय?

विजेची सायकल म्हणजे साधीच सायकल. चाकाच्या हबमध्ये किंवा पायडलजवळ एक छोटी मोटार, तिला वीज पुरवायला लिथियमची बॅटरी. पायडल मारायला लागले की मोटार हात देते. काही सायकलींना मोटारसायकलीसारखी मूठही असते. ती पिळली की पायडल न मारताही गाडी चालते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत यासाठी मर्यादा घातलेली आहे. मोटारीची शक्ती अर्ध्या तासाच्या मापाने २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ते वाहन मोटार वाहन धरले जात नाही. म्हणून पासिंग नाही, नंबर नाही, लायसन्स नाही. मात्र त्या मॉडेलची चाचणी मान्य संस्थेकडून झालेली हवी. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशी एक संस्था. दुकानदाराकडे त्या चाचणीचा दाखला मागावा. तो दाखवत नसेल तर दुकान बदलावे.

२५० वॅट म्हणजे किती, हे पंप चालवणाऱ्याला एच.पी.मध्ये सांगितलेले बरे. एक एच.पी. म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा ही मोटार झाली एक तृतीयांश एच.पी.ची. आपला पाच एच.पी.चा पंप म्हणजे अशा पंधरा मोटारी. दिसायला क्षुल्लक, पण धडधाकट माणूस तासभर न दमता पायडल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून साधारण ७५ ते १०० वॅट निघतात. म्हणजे आणखी अडीच माणसे मागून ढकलताहेत असे समजा. पुलाचा चढ, समोरचा वारा आणि कॅरियरवरचे ओझे, तिन्ही ठिकाणी ही मदत जाणवते.

काही विक्रेते कानात सांगतात, "एक कळ दाबली की चाळीसने पळते." अशी सायकल घेऊ नये. मर्यादा ओलांडली की कायद्याने ते मोटार वाहन ठरते. नंबर नाही, विमा नाही आणि अपघात झाला तर निस्तरता निस्तरत नाही.

दांडी आली कुठून?

आता चढण्याच्या प्रश्नाकडे वळू. बाजारात 'जेन्ट्स' आणि 'लेडीज' अशा दोन सांगाड्यांच्या विजेच्या सायकली मिळतात. एकीला सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी असते. दुसरीची दांडी खाली झुकलेली असते किंवा नसतेच. हा भेद माणसाच्या ताकदीवरून पडला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो पडला कपड्यांवरून.

१८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली 'रोव्हर' सायकल आणली. आजच्या सायकलीची ती आई म्हणावयास हरकत नाही. पुढे थोड्याच वर्षांत हिऱ्याच्या आकाराचा, आडव्या दांडीचा सांगाडा रूढ झाला. त्याच सुमारास तिकडच्या बायकाही सायकल चालवू लागल्या. त्यांचे झगे पायघोळ. दांडीवरून टांग टाकणे अशक्य. म्हणून १८८० च्या दशकाच्या अखेरीस कारखानदारांनी दांडी खाली उतरवली आणि झगा मागच्या चाकात जाऊ नये म्हणून जाळीही लावली. ती झाली 'लेडीज' सायकल.

आपल्याकडेही सायकल लवकर आली. शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर देणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली उद्योगाचा आरंभ केला तो बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून. पण सांगाडे आले ते विलायती कपड्यांच्या मापाने ठरलेले. आपल्या कपड्यांना ती वाटणी तंतोतंत लागू पडत नाही. काष्ट्याचे नऊवारी लुगडे नेसलेली बाई दांडीची सायकल चालवू शकते. उलट मागे वैरणीचा भारा बांधलेला असेल, तर धोतरातल्या आबांना त्या भाऱ्यावरून टांग टाकता येत नाही. त्यांना बिनदांडीचीच सायकल सोयीची.

पुदुकोट्टैच्या बायांनी दाखविलेली वाट

याचा सर्वांत चांगला दाखला तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याचा आहे. १९९१ च्या सुमारास तेथे साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला सायकल शिकण्याची जोड दिली. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, फुले विकणाऱ्या अशा हजारो बाया सायकल शिकल्या. त्यांना सायकलीसाठी कर्जे मिळावीत म्हणून बँकांना गळ घालण्यात आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकली पुरेनात. तेव्हा बायांनी सरळ जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि काहींना तीच जास्त पसंत पडली, कारण दांडीवर लेकराला बसवता येत होते! दुकानातली पाटी काय म्हणते याकडे त्यांनी पाहिले नाही. आपले काम काय आहे ते पाहिले.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि ही वाढ मुख्यतः जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तेथे दिसली. सायकली साध्याच होत्या. म्हणून शाळेत जाणाऱ्या पोरीसाठी विजेची सायकल हवीच असे आम्ही म्हणणार नाही. तरण्या पायांना साधी सायकल पुरे. विजेची गरज आहे ती गुडघे कुरकुरणाऱ्यांना, ओझे वाहणाऱ्यांना आणि ज्यांची खेप पाच किलोमीटरच्या पुढे आहे त्यांना.

निवड कशी करावी?

पहिली गोष्ट उंचीची. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दांडीची सायकल असेल तर सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहून पाहावे. दांडी आणि आपण यांत चार बोटे जागा हवी. नुसती सीट खाली घेतली म्हणजे मोठी सायकल लहान होत नाही. विजेची सायकल साधारण वीस ते पंचवीस किलोची असते. पाणंदीत तोल गेला आणि पाय टेकला नाही, तर ती अंगावर येते.

दुसरी गोष्ट कपड्याची. पाचवारी साडी किंवा ओढणी असेल तर दांडी खालची हवी, चेनला पूर्ण झाकण हवे आणि मागच्या चाकाला साडीगार्ड हवा. पुष्कळ नव्या फॅशनच्या सायकलींना यातले काहीच नसते. ते विकत घेतानाच बसवून घ्यावे. नंतर राहून जाते.

तिसरी गोष्ट बॅटरीच्या जागेची. दांडीच्या सांगाड्यात बॅटरी पुढच्या तिरक्या नळीवर किंवा तिच्या पोटात बसते. तेथे वजन खाली आणि मधोमध राहते. बिनदांडीच्या सांगाड्यात ती कधी सीटमागच्या उभ्या नळीला असते, तर कधी कॅरियरवर. कॅरियरवरची बॅटरी आपल्या कामाची नाही. कॅरियर तर आपल्याला किटलीला आणि वैरणीला लागतो. शिवाय वजन उंच आणि मागे गेले की पुढचे चाक हलके पडते, हँडल लटपटते. तेव्हा बिनदांडीची घ्यावयाची असली तरी बॅटरी सांगाड्यात बसवलेली पाहून घ्यावी.

चौथी गोष्ट ओझ्याची. आडवी दांडी ही घराच्या आढ्यासारखी आहे. ती काढली की सांगाडा पिळवटायला लागतो. म्हणून चांगला कारखानदार बिनदांडीच्या सायकलीत खालची नळी जाड करतो आणि सांध्यांना पट्टी देतो. वेल्डिंग नीट पाहावे. बहुतेक सायकलींची क्षमता माणसासह शंभर-सव्वाशे किलोच्या आतबाहेर असते. दुधाच्या वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या म्हणजे किटलीच्या वजनासह पंचेचाळीस किलो. चालवणारा साठ किलोचा धरला तरी एकशे पाच झाले. त्याच्यावर आणखी पेंडीचे पोते ठेवू नये. उसाची मोळी तर नाहीच नाही.

पाचवी गोष्ट आपल्या मातीची. काळ्या रानात मडगार्ड आणि टायर यांत बोटभर तरी फट हवी. नाहीतर पावसाळ्यात चिखल गच्च बसतो आणि चाक जाम होते. टायर अगदी अरुंद नको, फार जाडही नको.

'स्वस्त' म्हणजे किती?

लुधियानाच्या हीरो सायकल्सची 'लेक्ट्रो', २०२० साली पुण्यात सुरू झालेली 'इमोटोराड' अशा देशी कंपन्यांमुळे या सायकली आवाक्यात आल्या आहेत. साधारण पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान कामाची सायकल मिळते. आपण हिशेबाला तीस हजार धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्या दराने तीस हजार म्हणजे जवळजवळ साडेआठ टन ऊस. तोडणी-वाहतूक वजा धरली तर आणखी दोन-तीन टन वाढवा. तेव्हा घाईने देण्याची ही रक्कम नव्हे.

विक्रेता सांगतो, "तीन रुपयांत पंचवीस-तीस किलोमीटर." हे खोटे नाही. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २७० वॅट-तास, पाव युनिटाहून थोडी जास्त. चार्जरमधली गळती धरून ०.३ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी तीन रुपयेच झाले. पायडल मारत चालविली तर पंचवीस किलोमीटर निघतात. किलोमीटरला बारा पैसे.

पण हा अर्धाच हिशेब झाला. वीज स्वस्त आहे, बॅटरी स्वस्त नाही. अशी बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्जिंगपर्यंत चांगली चालते, मग तिचा दम कमी होऊ लागतो. पाचशे गुणिले पंचवीस म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. नवी बॅटरी दहा हजारांची धरली तर किलोमीटरला ऐंशी पैसे झिजेचे. वीज धरून झाले ब्याण्णव पैसे. मोटारसायकलीचे पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर दोन रुपये. बचत किलोमीटरला एक रुपया आठ पैसे.

रोज दहा किलोमीटर, वर्षात तीनशे दिवस, म्हणजे तीन हजार किलोमीटर. बचत झाली ३,२४० रुपये. तीस हजार वसूल व्हायला नऊ वर्षे लागतील आणि मध्येच, चार-सव्वाचार वर्षांनी, बॅटरी बदलावी लागेल. म्हणून दारात मोटारसायकल आहे आणि केवळ पेट्रोल वाचवायचे आहे, अशा सभासदाने या फंदात पडू नये. हा सल्ला विक्रेता देणार नाही, आम्ही देतो.

हिशेब जमतो तो दोन ठिकाणी. घरात दुसरी मोटारसायकल घेण्याचा विचार चालू असेल, तर ती पाऊण लाखाच्या पुढे जाते, वर पासिंग, विमा आणि देखभाल आहेच. तेथे विजेची सायकल निम्म्यात काम करते. आणि दुसरे ठिकाण म्हणजे जेथे आज माणूस चालत जातो. रोज दीड तास वाचला तर तीनशे दिवसांचे साडेचारशे तास होतात. आठ तासांच्या दिवसाने छप्पन्न दिवसांची मजुरी. तुमच्या गावात बाईमाणसाच्या खुरपणीचा जो रोज असेल त्याने गुणून पाहा. तीस हजार किती दिवसांत फिटतात ते पाटीवर दिसेल.

घेतल्यावर

चार्जर जेमतेम ८०-९० वॅटचा असतो, पंख्याइतका. घरच्या साध्या प्लगवर चालतो. चार-पाच तासांत बॅटरी भरते. मोटारीच्या पेटीतून आकडा काढून चार्जिंग करण्याचा उद्योग कोणी करू नये. उन्हातून आल्यावर बॅटरी तासभर सावलीत निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी. कडब्याच्या गंजीजवळ, पाचटाजवळ किंवा गोठ्यात चार्जिंग नको. लिथियमची बॅटरी पेटली तर पाण्याच्या घागरीने विझत नाही. रात्रभर लावून झोपू नये. फुगलेली, पडून चेपलेली बॅटरी वापरू नये. सायकल महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी.

ओल्या फडक्याने पुसावी, पंपाच्या पाइपाने धुऊ नये. भरल्या ओढ्यातून घालू नये. मागच्या हबमध्ये मोटार असेल तर पंक्चरवाल्याला चाक न काढता एका बाजूने ट्यूब ओढून पंक्चर काढायला सांगावे. चाक काढताना वायर तुटली तर दुरुस्तीला तालुक्याला जावे लागते. म्हणूनच जिची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते तीच सायकल घ्यावी. शंभर किलोमीटरवरून पाचशे रुपये स्वस्त मिळाली म्हणून आणू नये.

आणि हंगामाचे एक निक्षून सांगणे. गाळप सुरू झाले की रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक यांची रीघ असते. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या चालकाला मागचे-बाजूचे फारसे दिसत नाही. विजेच्या सायकलीचा आवाजही येत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर नियमानेच हवा, त्याबरोबर मागे लाल दिवाही असू द्या. डोक्याला हेल्मेट घाला. ट्रॉलीच्या डाव्या अंगाला शिरू नका. सुनेला वेळेत डेअरी गाठता यावी म्हणून सायकल घेतली, ती धडपणे घरी परतायलाही हवी.

आमची सूचना

एकेकट्याने दुकानात गेले की विक्रेता सांगेल ती किंमत आणि दाखवील तो सांगाडा. गावातील दहा-पंधरा घरांनी मिळून मागणी काढली तर भावही बसतो आणि दुरुस्तीची हमीही लेखी मागता येते. सहकाराचा हा पहिला धडा आपल्याला नव्याने सांगावयास नको. उसाच्या बिलातून कपात म्हटली की सभासदाच्या पोटात गोळा येतो हे आम्ही जाणतो. म्हणून गावच्या सोसायटीतून किंवा महिला बचत गटातून रक्कम उभी करता आली तर उत्तम. ज्यांना रस असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. नाव देताना घरातील कोण चालविणार, त्यांची उंची किती, ओझे काय आणि रोजचे अंतर किती, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. पुरेशी नावे झाली तर विक्रेत्यांना दोन्ही सांगाड्यांच्या सायकली घेऊन गट ऑफिसाच्या आवारात बोलावता येईल.

त्या दिवशी मात्र एक पथ्य पाळा. एका गावी आम्ही पाहिले, नवऱ्याने बायकोसाठी सायकल पसंत केली. स्वतः दोन चकरा मारल्या, "झकास आहे" म्हणाला आणि पैसे मोजले. ती सायकल आज तोच चालवतो. तिचे पायच पुरत नव्हते! बेणे निवडताना आपण कांडीचा डोळा स्वतः पाहतो, शेजाऱ्याच्या भरवशावर लागण करत नाही. येथेही तसेच. जिला चालवायची आहे तिला आणा. तिला नेहमीच्या कपड्यांत, नेहमीची किटली मागे बांधून चालवू द्या. दांडीची हवी की बिनदांडीची, हे तीच सांगेल.

— ऊस विकास अधिकारी